बालकांनाही पक्षाघात होतो

(आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



पक्षाघात हा शब्द कानी पडला की साठी ओलांडलेली व्यक्ती डोळ्यांसमोर उभी राहते. वाढलेला रक्तदाब, जडलेला मधुमेह, वर्षानुवर्षांची तंबाखूची सवय आणि एके सकाळी अंथरुणातून उठताना लुळी पडलेली एक बाजू, असे ते चित्र असते. हे चित्र खरे आहे. परंतु ते अपुरे आहे. जो आजार आजोबांना गाठतो, तो नातवालाही गाठू शकतो. किंबहुना जन्माच्या सुमारास आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाळाला पक्षाघाताचा जेवढा धोका असतो, तेवढा पुढे संपूर्ण बालपणात कधीही नसतो.

ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि त्या अज्ञानाचे मोल बालकाला द्यावे लागते. पाच वर्षांच्या मुलाचे तोंड एका बाजूला वाकले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर घरची माणसे 'वारे गेले' म्हणतात, 'बाहेरची बाधा' म्हणतात, 'रात्री हातावर निजला असेल' म्हणतात. पक्षाघाताची शंका कोणाच्याच मनात येत नाही. कारण तो म्हाताऱ्यांचा आजार अशी सर्वांची समजूत असते. अशा समजुतीत एक दिवस जातो, दोन दिवस जातात. मेंदूला मात्र मिनिटांचा उशीरही सोसत नाही.

लक्षात ठेवण्याजोगी मुख्य गोष्ट ही की, बालकाचा पक्षाघात सहसा एकटा येत नाही. त्याच्यामागे हृदयाचा, रक्ताचा, रक्तवाहिन्यांचा अथवा जंतुसंसर्गाचा एखादा दुसरा आजार दडलेला असतो. तो आजार वेळीच ओळखला, तर कित्येकदा पहिला झटका टळतो आणि दुसरा तर पुष्कळदा टाळता येतो. ओळखण्याचे हे काम मोठ्या शहरातील तज्ज्ञांच्या रुग्णालयात सुरू होत नाही. ते घरात, अंगणवाडीत, शाळेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू होते.

मेंदूत नेमके काय घडते?

शेताला पाणी देणाऱ्या पाटाचा दाखला येथे घेता येईल. पाट गाळाने तुंबला, तर पुढचे वाफे कोरडे पडतात. पाट फुटला, तर पाणी नको तेथे पसरते आणि हवे तेथे पोहोचत नाही. जादा पाणी वाहून नेणारी चर बुजली, तर शेत चिबडते आणि उभे पीक सडते. मेंदूतही असेच तीन प्रकार घडतात. मेंदूला शुद्ध रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की, त्यापुढील भागाला प्राणवायू मिळत नाही. रक्तवाहिनी फुटली की, मेंदूत रक्तस्राव होतो. मेंदूतील रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली, तर रक्त मागे साचून मेंदूला सूज येते. तिन्ही प्रकारांत मेंदूचा जो भाग बाधित होतो, त्या भागाकडे सोपविलेले काम थांबते. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूवर हुकमत चालविते आणि उजवी बाजू डाव्या बाजूवर. म्हणून डोक्यातील इजा एका बाजूला आणि लुळेपणा दुसऱ्या बाजूला, असे दिसते.

प्रौढांमध्ये १०० पैकी सुमारे ८५ पक्षाघात हे धमनीतील अडथळ्यामुळे होतात. बालकांमध्ये मात्र अडथळा आणि रक्तस्राव यांचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. एवढ्या एका गोष्टीवरूनही कळावे की, मोठ्यांच्या पक्षाघाताचे ठोकताळे मुलांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

जन्माच्या वेळचा पक्षाघात

ज्या देशांत अशा आजारांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या जातात, तेथील अनुभव असा आहे की, अडीच ते चार हजार जन्मांमागे सुमारे एका अर्भकाला धमनीतील अडथळ्यामुळे पक्षाघात होतो. याची कारणे निसर्गाच्या व्यवस्थेतच काही अंशी दडलेली आहेत. प्रसूतीच्या वेळी मातेचा फार रक्तस्राव होऊ नये म्हणून त्या सुमारास रक्त गोठण्याची क्रिया आपोआप वाढलेली असते. वारेत लहानशी गुठळी तयार झाली, तर ती नाळेतून बाळाच्या शरीरात जाऊ शकते. गर्भाच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये एक नैसर्गिक वाट जन्मापर्यंत उघडी असते. त्या वाटेने ही गुठळी थेट मेंदूकडे पोहोचते. यात जंतुसंसर्ग, लांबलेली अवघड प्रसूती, बाळाच्या अंगातील पाणी कमी होणे, हृदयातील जन्मजात दोष यांची भर पडली की धोका वाढतो. अनेकदा मात्र सर्व तपासण्या करूनही एकच एक कारण सापडत नाही.

म्हणूनच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. बाळाला पक्षाघात झाला तो आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून नव्हे, किंवा गरोदरपणी अमुक एक पदार्थ खाल्ला म्हणूनही नव्हे. आजारी बाळाच्या आईला दोष देणे हा तिच्यावर अन्याय होय. त्यातून उपचारही मागे पडतात, कारण दोषाच्या भीतीने लक्षणे लपविली जातात.

नवजात बाळाचा लुळेपणा सहजी दिसत नाही. ते चालत नाही, बोलत नाही, हाताने काही मागत नाही. त्याची खूण असते ती आकडी. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाचा एकच हात किंवा एकच पाय ठरावीक लयीत उडू लागणे, मध्येच श्वास थांबणे, डोळे एका बाजूला खिळणे, बाळ मलूल पडून दूध ओढेनासे होणे, यांपैकी काहीही दिसल्यास बाळाला त्वरित रुग्णालयात न्यावे. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याच्या ज्या पद्धतीचा प्रयोग डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात केला आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये जगापुढे आले, तिच्या धर्तीवर आज देशभर आशा कार्यकर्त्या घरोघर जातात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची भेट ठरलेली असते. वजन आणि ताप पाहताना बाळाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सारखे हलतात काय, हेही पाहिले, तर त्या भेटीचे मोल दुप्पट होईल.

काही बाळांना आकडीही येत नाही. त्यांचा आजार पाच-सहा महिन्यांनी लक्षात येतो आणि तोही बहुधा चुकीच्या अर्थाने. बाळ खुळखुळ्याकडे नेहमी डावाच हात नेते. उजवी मूठ मिटलेलीच राहते. घरात कौतुकाने म्हणतात, 'हा डावखुरा होणार!' वस्तुतः निरोगी मूल पहिल्या वर्षात दोन्ही हात सारखेच वापरते. डावखुरेपणा किंवा उजवेपणा त्यानंतर सावकाश ठरत जातो. वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर दिसणे ही कौतुकाची बाब नसून तपासणीची सूचना आहे. शरीराच्या एका बाजूपुरत्या मर्यादित असणाऱ्या मेंदूच्या जन्मजात पांगळेपणाचे सर्वांत मोठे कारण जन्माच्या सुमारास झालेला पक्षाघात हेच आहे.

रक्तस्रावाच्या प्रकारातील एक कारण तर एका इंजेक्शनने टळणारे आहे. रक्त गोठण्यासाठी 'के' जीवनसत्त्व लागते. नवजात बाळाच्या शरीरात त्याचा साठा अत्यल्प असतो आणि आईच्या दुधातूनही ते थोडेच मिळते. ते न मिळालेल्या बाळाला दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत मेंदूत अकस्मात रक्तस्राव होऊ शकतो. कालपर्यंत हसतेखेळते असलेले बाळ पांढरे फटक पडते, त्याची टाळू फुगते, त्याला आकडी येते. जन्मतः मांडीत दिलेले 'के' जीवनसत्त्वाचे एक इंजेक्शन हा धोका जवळजवळ नाहीसा करते. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याची मात्रा केवळ एक मिलिग्रॅम असते. स्तनपान हे सर्वोत्तम आहेच. त्याला या इंजेक्शनची जोड हवी. घरी प्रसूत झालेल्या मातेच्या बाळाला ते मिळाले काय, याची चौकशी म्हणूनच अगत्याची आहे.

मोठ्या मुलांमधील कारणे

बालपणातील पक्षाघाताच्या कारणांत हृदयविकारांना मोठे स्थान आहे. हृदयात जन्मतः दोष असला, की गुठळी तयार होण्यास व ती मेंदूकडे जाण्यास वाव मिळतो. रडताना ज्या मुलांचे ओठ आणि नखे निळसर पडतात, त्यांना हा धोका विशेष असतो. त्यात लोहाची कमतरता असेल, तर धोका आणखी वाढतो. हृदयाचा दुसरा आजार कमावलेला असतो. घसा दुखून ताप येतो, तो दुर्लक्षिला जातो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात. घशाच्या संसर्गावर वेळीच योग्य औषध आणि एकदा हा संधिज्वर झालेल्या मुलाला डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत न चुकता पेनिसिलिनचे इंजेक्शन, हा त्यावरील जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

दुसरा गट मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांचा. कांजिण्या होऊन गेल्यानंतर काही आठवडे ते काही महिन्यांच्या अवधीत मेंदूच्या धमनीला सूज येऊन ती अरुंद होऊ शकते. कांजिण्या विस्मरणात गेलेल्या असतात आणि तेव्हा एकाएकी हात लुळा पडतो. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही, तरी मागील वर्षभरात कांजिण्या झाल्या असल्यास ते आवर्जून सांगावे. मोयामोया नावाच्या आजारात मेंदूच्या तळाच्या मुख्य धमन्या हळूहळू बंद होत जातात आणि बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते. क्ष-किरण चित्रात ते धुराच्या झोताप्रमाणे दिसते, म्हणून जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये त्याला त्या अर्थाचे नाव दिले. यात शस्त्रक्रियेने मेंदूला रक्ताची नवी वाट करून देता येते. काही मुलांच्या मेंदूत जन्मतःच रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. मार लागल्याविना होणाऱ्या मेंदूतील रक्तस्रावाचे ते बालवयातील प्रमुख कारण आहे.

जंतुसंसर्गामध्ये आपल्याकडे सर्वाधिक भय आहे ते क्षयाच्या मेंदूज्वराचे. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणांत शिरले की, तेथून जाणाऱ्या धमन्यांना वेढा पडतो आणि पक्षाघात ओढवतो. बाळाला जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस फुप्फुसाच्या क्षयापासून पूर्ण संरक्षण देत नसली, तरी बालकांतील क्षयाच्या मेंदूज्वरापासून चांगले संरक्षण देते. घरात कोणाला क्षय असल्यास लहान मुलांची तपासणी आणि त्यांना प्रतिबंधक औषध देणे हादेखील पक्षाघात टाळण्याचाच एक मार्ग ठरतो.

तीव्र अतिसारात शरीरातील पाणी आटले की रक्त दाट होते आणि मेंदूतील शिरेत गुठळी होण्याचा संभव वाढतो. पंडुरोग असलेल्या बालकात तो अधिक असतो. जलसंजीवनीचे पुडके आणि लोहाचे औषध या दोन स्वस्त गोष्टी मेंदूचेही रक्षण करतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याखेरीज सहा महिने ते दीड वर्ष वयाच्या काही बालकांत बाजेवरून किंवा कडेवरून पडल्याच्या किरकोळ निमित्ताने एक बाजू लुळी पडते. अशा बालकांच्या मेंदूच्या खोल भागातील बारीक धमन्यांच्या कडेला चुन्याचे सूक्ष्म कण साचलेले दिसतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी अशा बालकांची वर्णने प्रसिद्ध केली आहेत. यांतील बहुतेक मुले चांगली सुधारतात. तात्पर्य असे की, 'थोडेसेच पडले होते' म्हणून लुळेपणाकडे दुर्लक्ष करू नये.

सिकलसेल आणि पक्षाघात

महाराष्ट्राच्या दृष्टीने एका कारणाचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, नंदुरबार, धुळे अशा जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. अशा पेशी मेंदूच्या धमन्यांच्या आतील आवरणाला इजा करतात. धमनी अरुंद होते आणि एक दिवस बंद पडते. उपचार आणि पूर्वतपासणी नसताना अमेरिकेतील पाहणीत या आजाराच्या सुमारे ११ टक्के रुग्णांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात झाल्याचे दिसून आले. सर्वाधिक धोका दोन ते नऊ या वयात असतो. भारतातील रुग्णांमध्ये गर्भावस्थेतील प्रकारचे हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहत असल्यामुळे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा येथे पक्षाघात कमी आढळतो. तथापि तो होतो, आणि एकदा झाला की उपचारांअभावी तीनपैकी सुमारे दोन मुलांना पुन्हा होतो, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच.

या अंधारात १९९८ साली एक दिवा लागला. डोक्याच्या बाहेरून ध्वनिलहरींच्या साहाय्याने मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजता येतो. वेदना नाही, सुई नाही, भूल नाही. हा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर धमनी अरुंद झाली आहे असे समजावे. अमेरिकेत अशा १३० मुलांची पाहणी करण्यात आली. ज्या गटाला नियमित रक्त देण्यात आले, त्यातील केवळ एका मुलाला पक्षाघात झाला. दुसऱ्या गटातील ११ मुलांना झाला. फरक इतका ठळक होता की, पाहणी मुदतीपूर्वीच थांबवून सर्वांना रक्त देण्याची सोय करण्यात आली. पुढे २०१६ मध्ये असेही सिद्ध झाले की, किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि ज्यांच्या धमन्या फार बिघडलेल्या नाहीत अशा मुलांना हायड्रॉक्सियुरिया या तोंडाने घ्यावयाच्या औषधावर सुरक्षितपणे आणता येते. सिकलसेलग्रस्त मुलाच्या पालकांनी दोन वर्षे वयापासून या तपासणीविषयी डॉक्टरांना दरवर्षी विचारावे आणि सुरू झालेले औषध बरे वाटते म्हणून बंद करू नये.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. शून्य ते ४० वर्षे वयोगटातील सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट गाठणे न गाठणे गावातील एका साध्या निर्णयावर अवलंबून आहे. माता आणि पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याचा संभव चारात एक असतो. वाहक स्वतः निरोगी दिसतो, म्हणून तपासणीखेरीज हे कळण्याचा मार्ग नाही. सोयरीक जुळविताना मानपान आणि देणेघेणे यांची चर्चा रात्र रात्र चालते. दोन्ही बाजूंच्या रक्ताच्या तपासणीचा कागद त्याच बैठकीत पुढे ठेवण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

ओळख आणि पहिली धावपळ

पूर्वी पाय ओढत चालणारे मूल दिसले की पोलिओचा विचार येई. भारतातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा आज मुलाची एक बाजू अचानक कमजोर झाली, तर कारणाचा शोध तातडीने घेतलाच पाहिजे. पंधरा वर्षांखालील मुलाचा अवयव एकाएकी लुळा पडल्यास आरोग्य यंत्रणेला कळविण्याची पद्धत आजही चालू आहे.

ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. मुलाला हसण्यास सांगावे. तोंड एका बाजूला जाते काय? दोन्ही हात पुढे उचलण्यास सांगावे. एक हात खाली येतो काय? नाव विचारावे, बोलणे अडखळते काय? याशिवाय मुलांमध्ये काही विशेष लक्षणे दिसतात: एकाएकी उठलेली तीव्र डोकेदुखी व उलटी, शरीराच्या एकाच बाजूला येणारी आकडी, चालताना तोल जाणे, दृष्टी अंधूक होणे, गुंगी येणे. ही लक्षणे अर्ध्या तासाने आपोआप गेली, तरी रुग्णालयात जाणे टाळू नये. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलाला कुशीवर निजवावे. तोंडात पाणी, दूध, औषध, चमचा यांपैकी काहीही घालू नये. कांदा हुंगविणे, चप्पल नाकाशी धरणे, डागणे, अंगारा लावून वाट पाहणे यांत मोलाचा वेळ जातो. मूल शेवटचे धडधाकट केव्हा दिसले ती वेळ लक्षात ठेवावी. जुने कागद, लसीकरणाचे कार्ड आणि सिकलसेलचा अहवाल बरोबर घ्यावा. ॲस्पिरिन मनाने कदापि देऊ नये. आत रक्तस्राव असेल, तर अनर्थ होईल.

रुग्णालयात सीटी स्कॅनने रक्तस्राव आहे काय हे तत्काळ कळते आणि एमआरआयने अडथळ्यामुळे झालेली इजा काही तासांतच दिसते. प्रौढांना दिले जाणारे गुठळी विरघळविण्याचे औषध बालकांना सरसकट दिले जात नाही. तो निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो. तरीही घाईचे महत्त्व उणावत नाही. प्राणवायू, साखर, ताप आणि आकडी यांवर नियंत्रण, सिकलसेलग्रस्त मुलाला रक्त, रक्तस्राव झाला असल्यास गरजेनुसार शस्त्रक्रिया, हे सारे जितक्या लवकर, तितका मेंदू वाचतो. खर्चाच्या धास्तीने पाऊल अडू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे मिळते.

पुढचे आयुष्य

पक्षाघातानंतर काही बालके दगावतात आणि रक्तस्रावाच्या प्रकारात हे प्रमाण अधिक असते. वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत काही ना काही उणीव राहते. कोणाचा हात ताठर राहतो, कोणाला आकडीचे औषध घ्यावे लागते, कोणाला अक्षरे लावणे किंवा लक्ष एकाग्र करणे जड जाते, कोणी चिडखोर होतो. काही उणिवा तर मूल शाळेत जाऊन अभ्यास वाढू लागल्यावरच दिसतात. म्हणून 'आता बरा झाला' असे समजून तपासणी थांबविणे योग्य नाही. जन्माच्या सुमारास झालेला पक्षाघात पुन्हा होण्याची शक्यता फारच थोडी असते, हा मात्र अशा पालकांना मोठाच दिलासा आहे.

दुसरीकडे बालकाच्या मेंदूला नव्याने घडण्याची विलक्षण शक्ती लाभलेली असते. जन्मतः मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली मुले पुढे उत्तम बोलू लागतात, कारण भाषेचे काम मेंदूचा उजवा भाग उचलतो. प्रौढाला सहसा न मिळणारी ही संधी बालकाला मिळते. पण ती आपोआप फळास येत नाही. भौतिकोपचार, वाचोपचार आणि घरच्यांचा रोजचा चिकाटीचा सराव तिला लागतो. चांगला हात दररोज ठरावीक वेळ हातमोजा घालून अडवून ठेवायचा आणि दुबळ्या हातानेच चेंडू, वाटी, चमचा उचलावयास लावायचे, ही तज्ज्ञांच्या देखरेखीखालील पद्धत उपयुक्त ठरली आहे. दयेपोटी मुलाचे प्रत्येक काम आईने करून टाकले, तर दुबळा हात दुबळाच राहतो.

या वाटेवर पालक एकटे नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमातील पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चारही बाबी त्यांत पाहिल्या जातात. हृदयातील दोष येथेच सापडू शकतो, पंडुरोग येथेच कळू शकतो, एक मूठ मिटून ठेवणारे बाळ येथेच ध्यानात येऊ शकते. पुढील उपचारांसाठी बालकाला जिल्हा शीघ्र निदान व उपचार केंद्रात पाठविले जाते. पथक येण्याच्या दिवशी मूल घरी न ठेवता हजर ठेवणे, एवढे सहकार्य पालकांकडून अपेक्षित आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मेंदूचा पक्षाघात, सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा २१ प्रकारच्या दिव्यांगतांमध्ये समावेश केला आहे. कायद्याने ठरविलेले किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. 'याला शाळेत कशाला घातले?' असा प्रश्न कोणी विचारू नये आणि विचारलाच, तर शिक्षकांनी त्याला ठाम उत्तर द्यावे. डाव्या हाताने लिहिणाऱ्या अशा मुलाला थोडा जादा वेळ आणि पहिल्या बाकावरची जागा मिळाली, तर त्याचे वर्ष वाया जात नाही.

बीसीजीची लस, 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, जलसंजीवनीचे पुडके, लोहाचे औषध, घशाच्या दुखण्यावर वेळीच उपचार, सिकलसेलची तपासणी. या यादीत नवे किंवा दुर्मीळ असे काही नाही. सर्व गोष्टी गावच्या आरोग्य व्यवस्थेच्या परिचयाच्या आहेत आणि प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या कारणासाठी आधीपासून सांगितली जात आहे. त्या सर्वांचा मेंदूशीही संबंध आहे, एवढेच नव्याने लक्षात घ्यावयाचे आहे. येथून परतल्यावर गावातील ज्या घरी तान्हे बाळ आहे, त्या घरी जावे, खुळखुळा प्रथम त्याच्या उजवीकडे आणि मग डावीकडे धरावा आणि बाळ दोन्ही हात पुढे करते काय ते पाहावे. या कामाला दोन मिनिटे लागतात. ज्या बाळाचा एक हात मागे राहील, त्याचे नाव वहीत टिपून ते त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात कळवावे.